कोचनं घडवलं, की घडलेलाच मुलगा कोचकडे आला?

जून 2010. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू आळीपाळीनं उचलतात त्या निवडीत, केंटकी विद्यापीठाचे पाच जण पहिल्याच फेरीत गेले. जॉन वॉल पहिला, डिमार्कस कझिन्स पाचवा, पॅट्रिक पॅटरसन 14 वा, एरिक ब्लेडसो 18 वा आणि डॅनियल ऑर्टन 29 वा. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांचं केंटकीतलं ते पहिलंच वर्ष आणि पाचांपैकी चौघे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे, म्हणजे फ्रेशमन. एका वर्षात इतके घडवले, असं म्हणायचा मोह होतोच.

पण यादी नीट उलगडून पाहा. पॅटरसन 2007 पासूनच तिथे होता, त्याला आधीच्या प्रशिक्षकानं आणलं होतं. वॉल आणि कझिन्स शाळेत असतानाच देशातल्या अव्वल मुलांत गणले जात. ऑर्टन तर हंगामभर सामन्यामागे जेमतेम 3.4 गुण करत होता. त्याला पहिली फेरी मिळाली ती त्याच्या उंचीवर आणि पुढच्या आशेवर. म्हणजे ड्राफ्टचा क्रमांक हा बराचसा अंगच्या गुणांचा बाजारभाव आहे, शिकवणीची पावती नव्हे. आपल्याकडच्या क्लासांच्या जाहिरातीत टॉपरांचे फोटो असतात, पण त्यातली किती मुलं येतानाच 95 टक्क्यांची होती, हे कुठे छापलेलं असतं?

म्हणून मोजणी दोन वेगळ्या खात्यांत करायची: भरती एका खात्यात, घडवणं दुसऱ्या. भरतीत प्रश्न असा की, विद्यापीठाचं नाव, पैसा आणि परंपरा पाहता जी मुलं आपसूक आली असती, त्यांहून चांगली आली का? घडवण्यात प्रश्न असा की, त्या दर्जाचा मुलगा दुसरीकडे सरासरी जसा खेळला असता, त्याहून इथे चांगला खेळला का?

यासाठी आधी अपेक्षेची रेघ आखावी लागते. शालेय मानांकन, वय, मैदानावरची जागा आणि जुने खेळाडू गेल्यानं मोकळी झालेली मिनिटं, एवढं घेतलं तरी रेघ बरी येते. मानांकनाची घसरण सरळ नसते, हे मात्र ध्यानात ठेवायचं. पहिल्या आणि विसाव्या मुलातलं अंतर मोठं असतं. साठावा आणि शंभरावा यांच्यात फरक करणं हा पुष्कळदा अंदाजपंचे कारभार. त्यामुळे 'आमच्याकडे पहिल्या शंभरातले चार आले' या वाक्यातून फारसं काही कळत नाही.

मोकळ्या मिनिटांचं गणित साधं आहे. कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला एकूण 200 मिनिटं. 2014-15 च्या केंटकी संघात इतके गुणी खेळाडू होते की दोन पाळ्या करून खेळवावे लागले. कार्ल-अँथनी टाउन्सला सामन्यामागे साधारण 21 मिनिटं मिळाली आणि त्यानं 10.3 गुण केले. डेव्हिन बुकर राखीव म्हणून उतरायचा, त्याचे गुण 10. नुसता आकडा पाहिला तर दोघेही बेताचे वाटतील. टाउन्स त्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला गेला, बुकर 13 वा.

म्हणून गुण सामन्यामागे न मोजता 40 मिनिटांमागे मोजतात. त्याहून बरं म्हणजे चेंडूच्या ताब्यामागे, कारण एखादा संघ सामन्यात 62 वेळा हल्ला चढवतो, तर दुसरा 74 वेळा. त्यातही गुण किती फेकी खर्चून आले, हे पाहायचं. गुणांना (फेकी + 0.475 × फ्री थ्रो) यांच्या दुपटीनं भागलं की नेमबाजीची खरी टक्केवारी मिळते; फ्री थ्रो म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक. एकानं 14 फेकी आणि 2 फ्री थ्रो घेऊन 14 गुण केले, तर ती 46.8 टक्के. दुसऱ्यानं 7 फेकी आणि 3 फ्री थ्रोमध्ये 11 केले, तर 65.3. बातमीत नाव पहिल्याचं येतं, संघाच्या कामाचा दुसरा.

यानंतर खरी फसगत सुरू होते. हंगाम नोव्हेंबरमध्ये उघडतो. डिसेंबरपर्यंत मोठे संघ बऱ्याचदा दुबळ्या पाहुण्यांना घरी बोलावून सामने उरकतात. जानेवारीपासून आपल्या गटातल्या तगड्या संघांशी गाठ पडते. मुलगा सुधारत असतानाही त्याचे आकडे फेब्रुवारीत घसरलेले दिसतात आणि 'पोरगं थकलं' असा निकाल लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या बचावाचा दर्जा हिशेबात धरल्याशिवाय हंगामाच्या दोन अर्धांची तुलना करूच नये.

काय मोजतो, हेही महत्त्वाचं. तीन गुणांच्या फेकीची टक्केवारी सगळ्यांना आवडते, पण एका हंगामात ती फार हेलकावते. खरा नेम 35 टक्के असलेला खेळाडू 100 फेकींत निव्वळ योगायोगानं 26 ही घालेल किंवा 44 ही. तेवढ्यावर प्रशिक्षकाला फासावरही चढवू नये आणि हारही घालू नये. त्यापेक्षा सरावाचा हात जिथे दिसतो ते पाहावं: 40 मिनिटांमागे फाउल किती, चेंडू किती वेळा हातचा घालवला, फेकी कुठून घेतल्या, रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडायला, जागा धरली का. उंच फ्रेशमन फाउल करण्यात पटाईत असतात; पाचव्या फाउलला बाहेर, आणि बाकावर बसून कोणी शिकत नाही. नोव्हेंबरला 40 मिनिटांमागे सात फाउल करणारा मार्चमध्ये साडेचारवर आला, तर कोणीतरी पायांची हालचाल शिकवली, हे नक्की. हंगामात सरावाला आठवड्याचे 20 तासच मिळतात, तेव्हा हे फुकटचं काम नाही.

एका सामन्यावरून तर काहीच ठरवू नये. 2006 मध्ये डेव्हिडसन कॉलेजकडून पहिलाच सामना खेळताना स्टीफन करीनं 13 वेळा चेंडू घालवला. प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी त्याला खेळवत ठेवलं, पुढच्या सामन्यात त्यानं मिशिगनविरुद्ध 32 गुण केले आणि वर्षाची सरासरी 21.5 निघाली. मोठ्या विद्यापीठांनी दाराशी उभं न केलेला हा मुलगा भरतीच्या खात्यात सोन्याची नोंद आहे. घडवण्याच्या खात्यात किती धरायचा, यावर मात्र वाद घालता येईल.

सगळ्यात बेमालूम चकवा दुसऱ्या वर्षी बसतो. पहिल्या वर्षी चमकलेली मुलं एनबीएला जातात. मागे राहतात त्यांत काहींचं ते वर्ष त्यांच्या मूळ कुवतीपेक्षा वाईट गेलेलं असतं. पुढच्या वर्षी ती नुसती आपल्या पातळीवर परततात, आणि आपण म्हणतो, 'बघा कशी घडवली!' उलट जी अगदीच फसली ती दुसऱ्या कॉलेजात जातात आणि प्रशिक्षकाच्या सरासरीतून अलगद नाहीशी होतात. हिशेब प्रामाणिक ठेवायचा तर दारातून आत आलेला प्रत्येक मुलगा भाजकात धरावा, मग तो पुढे कुठेही जावो.

या कसोटीवर व्हिलानोव्हा विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक जे राइट यांचं काम ठसठशीत दिसतं. मिकाल ब्रिजेसला त्यांनी 2014-15 चं पूर्ण वर्ष नुसतं सरावात ठेवलं. नंतरच्या तीन हंगामांत त्याची सरासरी 6.4, 9.8 आणि 17.7 अशी चढत गेली, आणि 2018 मध्ये तो ड्राफ्टमध्ये दहावा गेला. नुसती मिनिटं वाढल्यानं एवढी चढण येत नाही.

तरीही एका प्रशिक्षकाचे नमुने फार थोडे. वर्षाला तीन-चार फ्रेशमन, त्यातले नाव घेण्याजोगे एक-दोन. आठ मुलं घ्या आणि प्रत्येकाच्या यशाची शक्यता निम्मी धरा. शंभर सारख्याच कुवतीच्या प्रशिक्षकांपैकी साधारण 14 जणांची सहा किंवा जास्त मुलं निव्वळ नशिबानं चमकतील. त्या चौदांना आपण किमयागार म्हणू. नशीब फिरतंही तसंच. 2012 चं विजेतेपद मिळवलेल्या कॅलिपारींच्या पुढच्याच संघात नर्लेन्स नोएलचा गुडघा फेब्रुवारी 2013 मध्ये फाटला. संघ राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला आणि दुय्यम स्पर्धेत रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाकडून 59-57 असा हरला. अस्थिबंध तुटणं हा शिकवण्याचा दोष नाही, पण आकड्यांत तो तसाच उमटतो. पाच-सहा वर्षांच्या तुकड्या एकत्र केल्याशिवाय ठाम बोलू नये.

आता तेवढी वर्षं मिळणंच अवघड झालंय. 2021 पासून कॉलेज बदललं तरी एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, आणि खेळाडूंना आपल्या नावावर पैसेही कमावता येतात. 22-23 वर्षांचा कसलेला खेळाडू तयार मिळत असेल, तर अठराच्या पोराला मिनिटं कोण देणार? म्हणून फ्रेशमनचे आकडे जुन्या वर्षांच्या रेघेशी ताडताना आधी रेघच नव्यानं आखावी लागते, 2021 नंतरच्या मुलांची वेगळी.