पाइपांच्या गावात शिडाला बांबू

जळगावात कुठलीही लांब पोकळ वस्तू हवी असली की हात आपोआप पीव्हीसी पाइपाकडे जातो. ठिबक सिंचनामुळे शेतोशेती पाइपांचे तुकडे पडलेलेच असतात. माझ्या भाच्याने मुंबईहून दोन माणसांची जुनी शर्यतीची डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, आणली. सोबत स्पिनेकर नावाचं फुगीर शीड होतं, पण ते बाहेर लोटून धरणारी काठी, म्हणजे पोल, हरवलेला. त्याने 40 मिलिमीटरचा पाइप कापून पोल केला आणि आखाजीच्या आदल्या रविवारी आम्ही होडी धरणाच्या फुगवट्यात उतरवली. वाऱ्याच्या पहिल्याच झोतात पोल धनुष्यासारखा वाकला आणि शीड पाण्यात.

"मामा, पाइप तर चांगला जाड होता!" तो म्हणाला. खरंच जाड होता. म्हणूनच हा लेख.

स्पिनेकर म्हणजे मागून किंवा बाजूच्या मागून वारा असताना डोलकाठीच्या पुढे उभारायचं फुग्यासारखं हलकं शीड. त्याचा वाऱ्याकडचा खालचा कोपरा बाहेर लोटून धरायला पोल लागतो. पोलचं एक टोक डोलकाठीला, दुसरं शिडाच्या कोपऱ्याला. आता वारा किती जोर लावतो ते बघू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 12 चौरस मीटरच्या शिडावर सेकंदाला 8 मीटरचा वारा लागला तर ढोबळमानाने 47 किलो वजनाइतका रेटा येतो. वेग दीड मीटरवर आला की तोच रेटा उरतो दीड किलोच्या जरा वर. इथे वेग धरायचा तो होडीवर बसून जाणवणारा: होडी वाऱ्याच्याच दिशेने पळत असते, म्हणून शिडाला लागणारा वारा काठावरच्या माणसाला लागतो त्याहून मंद असतो.

पोलवर मात्र शिडाच्या ओढीपेक्षाही जास्त भार येऊ शकतो. वारा बाजूला सरकला की पोल पुढे न्यावा लागतो, आणि त्याचं टोक मागे ओढून धरणारा दोर पोलशी अगदी अरुंद कोन करतो. हा कोन 15 अंशांचा असेल, तर टोकाला पोलशी काटकोनात 10 किलोची ओढ सावरायला दोरात जवळपास 39 किलोचा ताण लागतो आणि पोल 37 किलोने दाबला जातो. झोत आला की हे आकडे झपाट्याने चढतात.

दोन्ही टोकांनी दाबलेली काठी चुरडून क्वचितच जाते. ती आधी बाजूला वाकते. किती भाराला वाकेल, याचं सूत्र लिओनार्ड ऑयलरने 1744 मध्ये मांडलं. त्यात काठीच्या मजबुतीला जागाच नाही, आहे ती फक्त ताठपणाला आणि लांबीला. लांबी दुप्पट केली तर सहन होणारा भार चौथाई होतो. ताठपणा दोन गोष्टींनी ठरतो: पदार्थ कोणता, आणि तो मध्यापासून किती दूर पसरलेला आहे. पातळ नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंत तेवढीच ठेवली, तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा आठपट. ज्वारीचं ताट असो की बांबू, पोकळ आणि रुंद राहण्यात निसर्गाचा हाच हिशेब आहे.

मी 1.8 मीटरचे तीन पोल कागदावर मांडले. पहिला अॅल्युमिनियमची नळी, बाहेरून 38 मिलिमीटर, भिंत दीड मिलिमीटर. दुसरा आमचा पाइप, 40 मिलिमीटर, भिंत 3. तिसरा 40 मिलिमीटरचा बांबू, भिंत 6. तिघांचंही वजन 800 ते 900 ग्रॅमच्या आत येतं. पण वाकण्याचा भार अॅल्युमिनियमला 620 किलो, बांबूला साधारण 350 आणि पीव्हीसीला जेमतेम 56! वजन तेच, पेलणारा भार अकरावा हिस्सा. दोष पाइपाचा नाही. तो आतून पाण्याचा दाब झेलायला बनवलेला असतो आणि ते काम चोख करतो. दाबली जाणारी काठी होणं हे त्याचं कामच नव्हे. त्यात वैशाखात आमच्याकडे पारा 45 अंशांना टेकतो. उन्हात तापलेलं पीव्हीसी आणखी मऊ पडतं, म्हणजे 56 हाही थंड दिवसाचा आकडा.

हे ताडून पाहायला प्रयोगशाळा नको. काठीची दोन टोकं दोन खुर्च्यांवर टेकवा, मधोमध 10 लिटर पाण्याची बादली टांगा आणि मध्य किती खाली आला ते पट्टीने मोजा. वरच्या तीन पोलांचं उत्तर गणिताने येतं ते असं: अॅल्युमिनियम 6 मिलिमीटर, बांबू 10, पीव्हीसी 66. आमचा पाइप असा लोंबला की बादली फरशीला टेकते की काय असं वाटलं.

बांबू आणला बुरुडाकडून. सातपुड्यातला मानवेल जाड भिंतीचा असतो, लाठ्या त्याच्याच होतात. बुरूडबाबांनी काठी डोळ्यासमोर धरून सरळपणा पाहिला आणि म्हणाले, "हाऊ मोडाव नही भाऊ, वाकी." बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात, म्हणून तो तुटण्याआधी वाकून, करकरून इशारा देतो. तंतूंच्या याच रचनेमुळे तो उभा मात्र सहज चिरतो. टोकाला बोल्टसाठी भोक पाडायचं असेल तर आधी पोकळीत लाकडाची खुंटी बसवायची, बाहेरून नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळून त्यावर इपॉक्सी लावायचं आणि मगच ड्रिल धरायचं. काठी तीन वर्षांहून जास्त वाढलेल्या, जून बांबूची आणि सावलीत वाळलेली हवी. ओली काठी वाळताना तडकते आणि कोवळीला कीड लागते. आमची काठी बादलीखाली 12 मिलिमीटर वाकली. सरावाला ती पुरेशी आहे. शर्यतीआधी मात्र त्या होडीच्या वर्गाचे नियम वाचायलाच हवेत, कारण पोलची लांबी आणि कधीकधी पदार्थही ठरवून दिलेला असतो.

कार्बनच्या पोलचा मोह मलाही होतो. तो घेऊन वाचणार फार तर अर्धा किलो. होडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो होतात. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याने ते पोलवर घालवू नयेत, शिडावर घालावेत असं माझं ठाम मत आहे.

कारण मंद वाऱ्यात एकूण रेटाच दीड किलोचा, आणि स्पिनेकरचं कापड चौरस मीटरला साधारण 40 ग्रॅम, म्हणजे 12 चौरस मीटरला जवळपास अर्धा किलो. ते भिजलं की वजन वाढतं आणि शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबतं. हे कापड नायलॉनचं असतं. ते जरा ताणतं, म्हणून झोताचा हिसका पचवतं. त्यात ठराविक अंतरावर जाड धागे विणलेले असतात, फाट त्या चौकटीपाशी थांबते. वर पातळ लेप असतो आणि शीड म्हातारं होतं ते बहुधा हा लेप झिजल्यामुळे. कापड ओठांना घट्ट लावून फुंकर मारा. हवा पलीकडे सहज गेली तर वाराही तसाच निसटणार. जुनं शीड विकत घेताना हीच परीक्षा आधी करा, ठिगळं नंतर मोजा. चढाओढीचे खलाशी शिडं लवकर बदलतात, त्यांची चांगली जुनी शिडं नव्याच्या मानाने स्वस्तात मिळतात.

छत्रीचं कापड घेऊन नवं शीड शिवायचा बेत भाच्याने केला होता, तो आमच्या शिंप्याने मोडला. सपाट कापडातून फुगीर आकार काढायचा तर प्रत्येक पट्टीची कड नेमक्या वळणाने कापावी लागते, ब्लाउजला टक्स घालतात तसं. शिवाय ओढ ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने यायला हवी. उरेब, म्हणजे तिरपी, आली की कापड खेचलं जातं आणि आकार बिघडतो. दुरुस्ती मात्र त्यांनी छान केली. पॉलिस्टरचा दोरा वापरला आणि टाका झिगझॅग घातला, म्हणजे कापडासोबत शिवणही ताणते. शीड आवरायचे दोरही आम्ही बदलले. पाणी पिणारे जाड दोर काढून पातळ, पाण्यावर तरंगणारे पॉलीप्रॉपिलिनचे घातले. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात आधी जाणवलेला फरक तोच.

धरणाचं पाणी गोडं, त्यामुळे मीठ धुवायची कटकट नाही. आमचा खरा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि कापड हातात फाटायला लागतं. परवा भाच्याने ओलं शीड पापडांशेजारी गच्चीवर पसरलं होतं. ते उचलून मी ओसरीत, बांबूच्याच पोलवर वाळत घातलं.