आग आणि कातडी यांच्यामधले काही सेकंद

कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धा भरते, तेव्हा महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन तिथे पोहोचतात. सस्पेन्शनचा एकेक आर्म दहा वेळा तपासणारी ही हुशार मुलं असतात. खर्चाच्या यादीत चालकाचा आगरोधक सूट मात्र अनेकदा तळाशी जाऊन बसतो, आणि उरलेल्या पैशांत जो मिळेल तो घेतला जातो. रविवारी ऑटोक्रॉसला, म्हणजे आखलेल्या वळणांतून घड्याळाविरुद्ध गाडी पळवायला, उतरणाऱ्या हौशी मंडळींचंही फार वेगळं नाही. म्हणून हा पोशाख नेमकं काय करतो आणि तो निवडताना काय पाहायचं, हे सविस्तर सांगावंसं वाटलं.

मुळात आपली कातडी फार नाजूक आहे. तिचं तापमान ४४ अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की पेशींना इजा व्हायला लागते. ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं, तर पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. पेट्रोलच्या ज्वाळेचं तापमान याच्या कितीतरी पट असतं. आगीत सापडलेल्या चालकाला पट्टे सोडून, स्टिअरिंग काढून बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ उष्णता कातडीपर्यंत पोहोचू न देणं, एवढंच सूटचं काम. ज्वाळांत उभं राहता यावं म्हणून तो बनवलेलाच नसतो.

१९६४ साली असं कापड जवळजवळ नव्हतंच. त्या काळी अमेरिकेतले चालक साधे सुती कपडे बोरिक ॲसिडसारख्या रसायनाच्या पाण्यात बुडवून, वाळवून घालत. फायरबॉल रॉबर्ट्स हा तिथला मोठा नावाजलेला चालक. त्याला दम्याचा त्रास होता आणि त्या रसायनाने तो वाढायचा, म्हणून तो तसे कपडे घालत नसे, असं सांगतात. २४ मे १९६४ रोजी शार्लटच्या शर्यतीत त्याची गाडी उलटून पेटली. सहकारी चालक नेड जॅरेटने त्याला ओढून बाहेर काढलं, पण रॉबर्ट्स २ जुलैला गेला. त्याच मे महिन्याच्या ३० तारखेला इंडियानापोलिसच्या शर्यतीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड गाड्या पेटलेल्या अपघातात मरण पावले. एका आठवड्यातल्या या दोन घटनांनी अमेरिकेतलं मोटररेसिंग हादरलं. इंधनाच्या टाक्या बदलल्या, आणि कपड्यांचाही गंभीरपणे विचार सुरू झाला.

ड्युपाँट कंपनीचा नोमेक्स हा धागा याच दशकात आला. बिल सिम्पसन या चालकाने त्याचे सूट शिवायला सुरुवात केली, आणि १९६७च्या इंडियानापोलिस शर्यतीत बहुतेक चालकांच्या अंगावर नोमेक्स होतं. पुढे या सिम्पसनने आपल्या सूटवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून स्वतःला सर्वांसमक्ष पेटवूनही घेतलं.

नोमेक्समध्ये असं काय आहे? आपल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. सुती कापड १८ टक्के ऑक्सिजनमध्येही जळत राहू शकतं, त्यामुळे हवेत ते सहज पेटतं आणि पेटलेलं राहतं. नोमेक्सला जळत राहण्यासाठी २८ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन लागतो. तेवढा हवेत नसतो, म्हणून ज्वाळ दूर झाली की ते विझतं. त्याचे रेणू कार्बनच्या वलयांच्या ताठ साखळ्यांचे असतात. असा धागा तापल्यावर वितळत नाही. साधारण ३७० अंशांच्या पुढे त्याचा कोळसा व्हायला लागतो, धागे फुगून जाड होतात आणि कापडाची छिद्रं बुजतात. वरचा थर स्वतः करपतो आणि आतल्या थराला सांभाळतो.

पॉलिएस्टर आणि नायलॉन याच्या बरोबर उलट वागतात. अडीचशे अंशांच्या आसपास ते वितळतात आणि तो चिकट रस कातडीला धरून बसतो. जखमेतून तो सोडवताना कातडीही निघते. व्यायामाला घालतो तो घाम शोषणारा ड्राय-फिट टी-शर्ट बहुधा पॉलिएस्टरचा असतो. महागड्या सूटच्या आत तो घालणं म्हणजे संरक्षणाच्या आत धोका नेऊन ठेवणं. आगीची ज्वाळ आत शिरायचीही गरज नाही, बाहेरून आलेली उष्णता पुरते. म्हणूनच फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे ‘फॉर्म्युला भारत’सारख्या विद्यार्थी-स्पर्धांच्या, नियमांत वितळणाऱ्या कृत्रिम धाग्याचे टी-शर्ट, मोजे आणि अंतर्वस्त्रं यांना सरळ बंदी आहे. नोमेक्सचे आतले कपडे परवडत नसतील, तर निदान शंभर टक्के सुती बनियन आणि सुती मोजे घाला. सूत पेटतं हे खरं, पण वितळून चिकटत नाही.

आता लेबलावरच्या आकड्यांकडे येऊ. अमेरिकेच्या एसएफआय संस्थेचं ‘३.२ए’ हे मानक हौशी शर्यतींत बरंच चालतं. त्याच्या चाचणीत कापडाचा तुकडा ज्वाळा आणि उष्ण किरणं यांच्यावर धरतात. मागे तापमान मोजणारं यंत्र असतं. मानवी कातडीला दुसऱ्या दर्जाचं भाजायला, म्हणजे फोड यायला, किती उष्णता किती वेळात लागते, हे अमेरिकी नौदलाच्या शास्त्रज्ञ ॲलिस स्टॉल यांनी मोजून ठेवलं होतं. त्या आलेखाशी ताडून सेकंद ठरवतात. ३.२ए/१ दर्जाचा एकेरी सूट सुमारे ३ सेकंद टिकतो. ३.२ए/५ सुमारे १० सेकंद, ३.२ए/१५ सुमारे ३० सेकंद आणि ३.२ए/२० सुमारे ४० सेकंद. तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे सेकंद असं समजू नका.

युरोपात आणि आंतरराष्ट्रीय शर्यतींत एफआयएचं, म्हणजे मोटरस्पर्धांच्या जागतिक नियामक संस्थेचं, मानक चालतं. जुनं ८८५६-२०००, नवं ८८५६-२०१८. इथे कापडामागचं तापमान २४ अंशांनी वाढायला किती वेळ लागतो ते मोजतात, आणि नव्या मानकात सूटसाठी तो किमान १२ सेकंद हवा. मोजण्याची रीत वेगळी असल्याने एसएफआयचे १० आणि एफआयएचे १२ सेकंद शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आपल्या स्पर्धेच्या नियमपुस्तकात जे मानक लिहिलं आहे ते घ्यायचं, आणि शंका असेल तर खरेदीआधी आयोजकांना लेखी विचारायचं.

सगळ्यात कमी लक्ष दिली जाणारी गोष्ट म्हणजे थर, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. नोमेक्सच्या धाग्यापेक्षा दोन थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता जास्त अडवते. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे पातळ थर मिळून ऊब धरतात, कारण त्यांच्यामध्ये हवा कोंडलेली असते. इथे तीच गोष्ट उलट्या दिशेने कामाला येते. त्यामुळे पैसे मोजके असतील तर झगझगीत सूटवर सगळे न घालवता साधा दुहेरी सूट, त्याच्या आत नोमेक्सचे पूर्ण बाह्यांचे आतले कपडे, बालाक्लाव्हा (हेल्मेटखालची डोकं-मान झाकणारी टोपी) आणि मोजे, असा सगळा संच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हवेचा थर टिकायचा तर सूट अंगाला घट्ट बसता कामा नये. एफआयएच्या नियमांतही घट्ट कपड्याने संरक्षण कमी होतं असं स्पष्ट लिहिलं आहे. दुकानात उभं राहून माप घेऊ नका. गाडीत बसतो तसं गुडघे वर आणि हात पुढे करून बसा. खांदे, गुडघे, मांड्या इथे कापड ताणलं जातं आणि नेमकी तिथलीच हवा निघून जाते. मनगट आणि घोटा उघडे पडतात का, तेही याच वेळी दिसतं.

घामाचं काय, हा आपल्या हवामानात खरा प्रश्न आहे. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक सहज उष्णता वाहून नेतं, आणि ओल्या कपड्यातल्या घामाची वाफ झाली तर ती वेगळी भाजते. फेरी संपली की सूट कमरेपर्यंत उतरवून सावलीत बसणं, पुढच्या फेरीला कोरडे आतले कपडे घालणं आणि पाणी पीत राहणं, हेही आगीपासूनच्या संरक्षणातच मोडतं. उकाडा असह्य झाला तर सूट जरा हलका घ्या, पण आतले कपडे काढून टाकू नका.

हातांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत चालक रोमाँ ग्रोजाँची गाडी ६७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट, इतक्या धक्क्याने कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि ती पेटली. एफआयएच्या चौकशीनुसार तो २७ सेकंदांनी बाहेर आला. अंगावर थर होते, त्यामुळे धड वाचलं. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू मात्र भाजल्या. स्टिअरिंगची जाणीव बोटांना मिळावी म्हणून हातमोजे पातळच ठेवावे लागतात, आणि आगीतून बाहेर पडताना सगळ्यांत आधी पुढे जातात ते हातच. एवढ्या वरच्या पातळीवर हे होतं, तर आपण साधे चामड्याचे हातमोजे घालून बसणं अगदीच चूक. चामडं तापलं की आक्रसतं. तळव्याला चामड्याची पकड असली तरी चालते, पण तिच्याखाली आगरोधक कापड हवंच.

कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीचा, सूट हा आणखी एक फसवा मामला आहे. दिसायला तो हुबेहूब रेसिंग सूटसारखा, रंगीत आणि बराच स्वस्त. पण कार्टमधून चालक रस्त्यावर फेकला जातो, म्हणून तो घासण्यापासून वाचवायला बनवलेला असतो आणि त्याचं बाहेरचं कापड बऱ्याचदा नायलॉनचं असतं. कार्टवर तो योग्यच आहे. बंद गाडीत आगीसमोर तो वितळेल. मोटरसायकलच्या चामडी सूटचा उद्देशही घर्षणच. हेल्मेटचंही तसंच आहे. स्नेल संस्थेच्या ‘एसए’ दर्जाच्या हेल्मेटची ज्वालारोधकता तपासलेली असते, दुचाकीच्या ‘एम’ दर्जात ती चाचणी नसते.

जुना सूट विकत घेताना कॉलरच्या मागचं लेबल नीट वाचा. ८८५६-२०१८च्या सूटवर वापराची अंतिम तारीख असते. नकली मालही मिळतो, म्हणून एफआयएच्या मान्यताप्राप्त उत्पादनांच्या यादीशी क्रमांक ताडून पाहा. शिवणी उसवलेल्या, कापड विरलेलं किंवा ग्रीसचे डाग मुरलेले असतील तर सूट परत करा. ते ग्रीस इंधनच आहे. संघाचे आणि प्रायोजकांचे बिल्ले गल्लीतल्या शिंप्याकडून साध्या पॉलिएस्टर दोऱ्याने शिवून घेण्याचा मोह होतो. धागा आणि बिल्ल्याचं अस्तर दोन्ही आगरोधक हवेत, आणि भरतकाम फक्त बाहेरच्या थरावर व्हायला हवं. सुई सगळ्या थरांतून गेली की तिथली हवा गेली.

धुताना सौम्य डिटर्जंट वापरा. ब्लीच आणि कपडे मऊ करणारी द्रावणं टाळा, कारण त्या द्रावणांचा जळाऊ अंश कापडात राहतो. रसायनाची प्रक्रिया करून आगरोधक केलेल्या सुती सूटला तर ब्लीच घातकच, आणि बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर साचला तर तोही पेट घेऊ शकतो. नोमेक्सला कडक ऊन सोसत नाही, अतिनील किरणांनी धागा कमजोर होतो. गच्चीवर टाकण्याऐवजी सावलीत, उलटा करून वाळत घाला.

आणि सूट घरी आला की तो पूर्ण संचासकट घालून गाडीत बसा, पट्टे आवळा आणि कुणाला तरी घड्याळ लावायला सांगा. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये चालकाने पाच सेकंदांत बाहेर पडायचं असतं. हातमोजे घातलेल्या बोटांना पट्ट्याचं बक्कल सापडत नसेल, बूट पेडलमध्ये अडकत असेल, तर ते घरच्या अंगणात कळायला हवं. हा सराव हंगाम सुरू होण्याआधी करा, आणि सीट किंवा पट्टे बदलले की पुन्हा करा.