रोध वाढला की उष्णता वाढते की घटते?

हीटरच्या मागच्या पट्टीवर बहुतेक वेळा दोनच आकडे ठळक दिसतात: २३० व्होल्ट आणि २३०० वॅट. करंट किती जाणार आणि आतल्या तारेचा रोध (करंटला होणारा अडथळा) किती, हे छापलं नाही तरी अडत नाही. वॅटला व्होल्टने भागा, १० अँपिअर आले. व्होल्टला त्या १० ने भागा, २३ ओहम आले. व्होल्टेज, करंट, रोध आणि शक्ती या चौघांपैकी कुठलेही दोन हाती असले की उरलेले दोन काढता येतात, आणि त्यासाठी भागाकार-गुणाकारापलीकडे काही लागत नाही.

रोध = व्होल्टेज ÷ करंट
शक्ती = व्होल्टेज × करंट

या दोन सूत्रांची सरमिसळ केली की आणखी दोन निघतात. शक्ती म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. आणि शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. तारेत ही शक्ती उष्णता होऊनच बाहेर पडते. खरी गंमत इथे आहे. पहिलं म्हणतं, रोध वाढला की उष्णता वाढेल. दुसरं म्हणतं, रोध वाढला की उष्णता घटेल. मग खरं कोण?

दोन्ही खरी आहेत. फक्त पहिल्यात करंट कायम धरलेला आहे आणि दुसऱ्यात व्होल्टेज. रोध बदलत असताना या दोघांपैकी जागेवर कोण राहतंय, हे न बघता सूत्र उचललं की गणित बरोबर आणि उत्तर चूक, असा प्रकार होतो.

याच हीटरचा प्लग सॉकेटमध्ये सैल बसलाय असं समजा. पितळी पिन आणि सॉकेटची पट्टी नीट टेकत नाहीत, आणि त्या जागी अर्धा ओहम रोध तयार झालाय. एकूण रोध २३.५ ओहम, म्हणजे करंट ९.८ अँपिअर. हीटरला फरक जाणवतही नाही. पण त्या सैल जागेवर करंटचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ४८ वॅट उष्णता निघते. सर्किट जोडायची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि तिच्याने शिसं-कथिल वितळतं. इथे त्याच्या जवळपास दुप्पट उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडलेली. प्लग पिवळा पडतो, वास येतो, तो यामुळे.

आता कागदावर हा सांधा आणखी बिघडवत नेऊ. त्याचा रोध २३ ओहम झाला, तर करंट ५ अँपिअरवर येतो आणि सांध्यावर ५७५ वॅट निघतात. तो २३० ओहम झाला, तर मात्र उष्णता १९० वॅटवर उतरते. २३०० ओहमला जेमतेम २३ वॅट. म्हणजे रोध वाढताना उष्णता आधी चढली, सांध्याचा आणि हीटरचा रोध सारखा झाला तेव्हा शिखराला पोचली आणि मग उतरली. सांध्याचा रोध हीटरपेक्षा खूप कमी होता तोवर करंट हीटर ठरवत होता, म्हणून पहिल्या सूत्राचं राज्य. सांधाच वरचढ झाल्यावर बहुतेक सगळं व्होल्टेज त्याच्यावर आलं आणि दुसऱ्याचं राज्य सुरू झालं. (प्रत्यक्षात प्लॅस्टिक शिखरापर्यंत थांबत नाही, आधीच जळतं.)

काहीतरी एक स्थिर धरण्याची ही अडचण खुद्द जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनाही आली होती. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज वापरता वापरता ढळायचं, त्यामुळे तार बदलली म्हणून करंट बदलला की बॅटरी थकली म्हणून, हे कळेना. मग त्यांनी बिस्मथ आणि तांब्याचे दोन सांधे जोडून एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. अशा जोडीत तापमानातल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं; फरक कायम, म्हणून व्होल्टेजही कायम. त्यातून हाती आलेला व्होल्टेज, करंट आणि रोध यांचा नियम त्यांनी १८२७ मध्ये पुस्तकात मांडला. करंटच्या वर्गाचा आणि उष्णतेचा संबंध पुढे १८४१ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी दाखवला.

एक सावधगिरी मात्र हवी. भागाकाराने आलेला रोध त्या वेळच्या तापमानाचा असतो. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब घ्या. २३० व्होल्टला त्याचा करंट ०.२६ अँपिअर, म्हणजे रोध साधारण ८८० ओहम. तोच बल्ब काढून, थंड असताना मल्टिमीटरला लावला तर आकडा याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी दिसतो. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार पेटलेली असताना अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रोध तापमानाबरोबर वाढतो. असे बल्ब नेमके चालू करतानाच का उडायचे, याचं उत्तरही यातच आहे: थंड तारेतून पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट जातो. हीटरची नायक्रोम तार याबाबत बरीच शहाणी, तापली तरी तिचा रोध थोडाच वाढतो.

मोटरला मात्र हा हिशेब सरळ लावू नये. एसी पुरवठ्यावर तिचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. २३० व्होल्ट आणि ४ अँपिअर यांचा गुणाकार ९२० येतो खरा, पण ते व्होल्ट-अँपिअर झाले. पॉवर फॅक्टर (या गुणाकारातला किती हिस्सा खरी शक्ती, ते सांगणारा आकडा) ०.७ असेल तर मोटर घेत असलेली शक्ती ६४४ वॅट. आणि व्होल्टला अँपिअरने भागून येणारे ५७.५ हा तिच्या गुंडाळीच्या तारेचा रोध नसतो. मोटर बंद करून मीटरने मोजलं तर तो त्याहून बराच कमी भरतो.