क्रेन, चेन पुली ब्लॉक आणि स्लिंगची वार्षिक तपासणी: कोणाकडून करून घ्यायची, कोणते कागद लागतात

कारखान्यातल्या क्रेनच्या वार्षिक तपासणीसाठी मालकाला सरकारी कार्यालयात अर्ज करावा लागत नाही. तपासणी 'सक्षम व्यक्ती'कडून थेट करून घ्यायची असते. सक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा लागतो तो त्या व्यक्तीला किंवा संस्थेलाच. शिक्षण, अनुभव आणि चाचणीची साधनं पाहून महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे प्रमाणपत्र देतं. ते कायद्याच्या प्रत्येक कलमासाठी वेगळं असतं, म्हणून बोलावण्याआधी त्याची प्रत मागवा. मुदत संपलेली नाही ना, आणि त्यावर कारखाने अधिनियम, 1948 चं कलम 29 आहे ना, हे स्वतः वाचा. माल किंवा माणसं वर नेणाऱ्या हॉइस्ट-लिफ्टसाठी कलम 28 लागतं आणि तिथे तपासणी दर सहा महिन्यांनी असते. कलम 29 खाली 12 महिन्यांतून किमान एकदा.

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली आहे. संक्रमणकाळात जुन्या कायद्यातल्या आणि नियमांतल्या संबंधित तरतुदी चालू राहणार असल्याने इथे जुनीच कलमं दिली आहेत.

सगळ्यात जास्त हयगय होते ती सुट्या सामानाची. ईओटी क्रेनचा, म्हणजे छताखालच्या रुळांवर विजेने चालणाऱ्या क्रेनचा, रिपोर्ट फाइलला असतो, पण हुकाला लटकणाऱ्या स्लिंगचा, म्हणजे माल बांधायच्या दोराचा, साखळीचा किंवा पट्ट्याचा, नसतो. कायद्याने साखळी, दोर, स्लिंग, हुक, शॅकल, क्लॅम्प हे सगळं तपासणीत येतं. प्रत्येक नगावर ओळख क्रमांक आणि सुरक्षित कार्यभार, म्हणजे एसडब्ल्यूएल, दिसला पाहिजे आणि त्याची रजिस्टरला नोंद हवी. वेब स्लिंगचं, म्हणजे विणलेल्या पट्ट्याच्या स्लिंगचं, लेबल घासून पुसलं गेलं असेल, तर ती किती टनांची हे सांगायला कोणीच उरत नाही. अशी स्लिंग वापरातून काढा.

तपासणीच्या दिवशी मागच्या वर्षीचे रिपोर्ट, उत्पादकाचं टेस्ट सर्टिफिकेट, रजिस्टर आणि क्रमांकवार यादी तयार ठेवा. शिफ्ट थांबवून क्रेन मोकळी द्या. खालून टॉर्च मारून केलेली पाहणी ही तपासणी नव्हे. गरज पडल्यास भाग खोलूनही पाहावे लागतात. हुकाचं तोंड पसरलंय का, सेफ्टी लॅच बसतो का, वायर रोपच्या तारा तुटल्यात का, हुक ठरलेल्या मर्यादेला पोचल्यावर लिमिट स्विच वेळेवर वीज तोडतो का, हे तुमच्या मेंटेनन्सवाल्याने शेजारी उभं राहून बघावं. क्रेनच्या रुळांजवळ कोणी काम करत असेल, तर क्रेन त्याच्यापासून 6 मीटरच्या आत येणार नाही अशी व्यवस्था करणं कायद्याने बंधनकारक आहे.

नवीन घेतलेला चेन ब्लॉकही चाचणी आणि प्रमाणपत्राशिवाय वापरात आणू नका. दोष निघालेली स्लिंग त्याच दिवशी कापून भंगारात घाला. कोपऱ्यात ठेवली तर रात्रपाळीत कोणीतरी ती उचलतोच.