मुलांच्या हाती स्मार्टफोन उशिरा देणे

मुलाला स्वतःचा, इंटरनेट असलेला फोन ठरावीक वयापर्यंत न देण्याच्या पद्धतीला स्मार्टफोन-विलंब म्हणता येईल. आईच्या फोनवर घटकाभर व्हिडिओ पाहणे यात येत नाही. प्रश्न आहे तो मुलाच्या खिशात राहणाऱ्या आणि ज्याचा पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक आहे अशा फोनचा. ऑनलाइन सुरक्षिततेचा हा एक भाग झाला, तोही मुदतीचा. फोन आज ना उद्या हाती येतोच.

योग्य वय कोणते, असे विचारले की १३ हा आकडा हमखास पुढे येतो. तो बालरोगतज्ज्ञांनी ठरवलेला नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला आणि २००० मध्ये लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची तर आधी पालकांची संमती घ्या, एवढेच त्याचे म्हणणे. संमतीची कटकट नको म्हणून बहुतेक समाजमाध्यमांनी त्या वयाखाली खातेच नाकारले, आणि माहितीच्या व्यवहारातली रेघ लोकांना मुलाच्या समजेची रेघ वाटू लागली. युरोपीय संघात २०१८ पासून हे वय १६ आहे, मात्र सदस्य देश ते १३ पर्यंत उतरवू शकतात. भारताच्या २०२३ च्या कायद्याने ते १८ धरले आहे.

ही रेघ ओलांडायला फारसे काही लागत नाही. खाते उघडताना जन्मवर्षाची यादी बोटाने जरा जास्त खाली सरकवली की दहा वर्षांचे मूल पंचविशीचे होते. खरी अडचण पुढेच आहे. ते मूल तेरा वर्षांचे होते तेव्हा खात्याच्या हिशेबी ते अठ्ठावीस वर्षांचे असते; त्यामुळे किशोरांसाठी म्हणून ठेवलेली बंधने त्याला लागतच नाहीत, आणि अनोळखी प्रौढांना त्याला संदेश पाठवणे सोपे जाते.

फोन लांबवण्यातली मुख्य अडचण शिस्तीची नसून संख्येची आहे. ‘वर्गात सगळ्यांकडे आहे’ हे मुलाचे वाक्य अनेकदा खरेच असते, आणि एकटे पडण्याचे दुःखही खरे असते. म्हणून अलीकडचे प्रयत्न सामुदायिक आहेत. अमेरिकेत २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘वेट अनटिल एट्थ’ या मोहिमेत पालक आठवीपर्यंत स्मार्टफोन न देण्याचे वचन देतात; एका इयत्तेतली किमान १० कुटुंबे जमली की ते अमलात येते, ही त्यातली खरी हुशारी. आयर्लंडमधल्या ग्रेस्टोन्स गावात २०२३ मध्ये प्राथमिक शाळांच्या पालकांनी मिळून असाच स्वेच्छा-करार केला. दरम्यानच्या काळात निरोपापुरता बटणांचा साधा फोन पुरतो.

सरकारांची वाट वेगळी. फ्रान्सने २०१८ मध्ये शालेय वेळेत फोनला बंदी केली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. त्यात दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. पण वय तपासायचे तर अनेकदा चेहरा किंवा ओळखपत्र मागितले जाते, म्हणजे खासगीपण राखायला खासगी माहितीच द्यायची. फोनमुळेच मुले खचतात की खचलेली मुले फोनकडे वळतात, यावरही संशोधकांत एकमत नाही. आपल्यासारखे कुणी आसपास नसलेल्या मुलाला ऑनलाइन सोबत मोलाची वाटू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनेही २०२१ मध्ये माहिती आणि अभिव्यक्तीचे हक्क डिजिटल जगातही लागू असल्याचे स्पष्ट केले.

धोक्यांची विभागणी अभ्यासक आशय, संपर्क, वर्तन आणि करार अशी करतात. करार म्हणजे न वाचता दाबलेले ‘सहमत आहे’ आणि खेळातली छुपी खरेदी. सर्वांत घातक संपर्काचा. त्याची सुरुवात बहुधा खेळाच्या चॅटमध्ये, कौतुकाने होते. मग समोरचा दुसऱ्या ॲपवर बोलू या म्हणतो, वय जवळचेच सांगतो, आधी स्वतःचा म्हणून एक उघडावाघडा फोटो पाठवतो आणि बदल्यात एक मागतो. तो मिळाला की भाषा बदलते: पैसे दे, नाहीतर तुझ्या मित्रांना पाठवतो. अशा वेळी पैसे देऊ नयेत, कारण त्याने मागणी थांबत नाही. चॅट पुसू नये, स्क्रीनशॉट घ्यावेत, मग ब्लॉक करून तक्रार करावी. हे सारे होण्यासाठी मुलाने घरी तोंड उघडायला हवे. ‘असे काही केलेस तर फोन काढून घेईन’ ही धमकी इथे नेमकी उलटते; ती आठवूनच मूल गप्प बसते. लहान वयात उपयोगी पडणारी पालक-नियंत्रणाची ॲप पंधराव्या वर्षी पाळत वाटू लागतात आणि चुकवलीही जातात. त्यापेक्षा रात्री घरातले सगळे फोन, मोठ्यांचेसुद्धा, झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावणे अधिक टिकते.

फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा २०२३ पासून उपलब्ध आहे. ती मूळ फोटो मागत नाही; मुलाच्याच फोनवर त्याचा अंकांचा ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांना जातो. त्याच ठशाचा फोटो त्यांच्या व्यासपीठावर आढळला तर त्या तो हटवू शकतात. कूटबद्ध, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणाऱ्या, चॅटमधून फिरणाऱ्या प्रतींपर्यंत मात्र हा ठसा पोहोचत नाही.