‘पाल’ म्हणजे दूध

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, ‘पाल’ म्हणजे दूध. गोंडीतही तेच. मराठी माणसाला मात्र भिंतीवरची पाल आठवते, नाहीतर जत्रेत ठोकलेलं पाल. असे शब्द हाती लागले की मोबाइलवरच्या मजकुराला ऊत येतो: जगातल्या सगळ्या भाषा आमच्याच भाषेतून निघाल्या, हे घ्या पन्नास पुरावे. आधी गणित मांडून पाहा.

समजा, भाषेत 20 व्यंजनं आणि 5 स्वर आहेत. ‘पाल’सारखी व्यंजन-स्वर-व्यंजन अशी रूपं होतील 20 × 5 × 20, म्हणजे 2000. दोन भाषांनी त्यातली 400-400 रूपं डोळे मिटून उचलली. पहिलीतला कोणताही शब्द दुसरीत असण्याची शक्यता पाचात एक. म्हणजे एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या भाषांत सरासरी 80 रूपं सारखी निघणारच!

अर्थही तोच हवा असेल तर? प्रत्येक अर्थाला 2000 त एक शक्यता, 400 अर्थांना मिळून 0.2. जवळपास शून्य. पण हौशी संशोधक इथंच ढिलाई करतो. क-ख-ग-घ एकच धरतो, स्वर कोणताही चालवून घेतो. मग प्रत्येक शब्दाला 4 × 5 × 4, म्हणजे 80 रूपं ‘जुळतात’. आता 400 × 80 ÷ 2000 = 16. अर्थाचीही थोडी ओढाताण केली की पन्नासची यादी एका दुपारी तयार. फारसीतला ‘बद’ आणि इंग्रजीतला ‘बॅड’ दोन्ही वाईटच, तरी दोघांचा उगम वेगळा.

मग नातं कशावरून ओळखायचं? फरक नेमानं पडतो का, यावरून. तमिळमध्ये दूध ‘पाल्’, कन्नडमध्ये ‘हालु’. दहा ‘पत्तु’, तिकडे ‘हत्तु’. वाघ ‘पुलि’, तिकडे ‘हुलि’. दरवेळी प च्या जागी ह. गोंडी आणि कोलामी याच द्राविडी कुळातल्या, म्हणून त्यांचा ‘पाल’ तमिळचा सख्खा. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. तिच्यात मासोळी म्हणजे ‘काकू’, त्याच कुळातल्या संथाळीत ‘हाकू’. माणूस ‘कोरो’, संथाळीत ‘होड’. इथं क च्या जागी ह. आपल्या काकूचा यात काडीचा संबंध नाही.

हीच कसोटी बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदकडच्या निहाली भाषेला लावली की गाडी अडते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. कोरकूचे, मराठीचे, द्राविडी भाषांचे उसने शब्द तिच्यात भरपूर. ते बाजूला काढले की उरलेल्या शब्दांना नेमानं जुळणारी दुसरी भाषा अजून सापडलेली नाही. सारख्या आवाजाचे शब्द शोधायला बसलं, तर तिच्यातही हवे तेवढे मिळतील.