फर्मा आणि राउटर : नवशिक्यांच्या सुतारकामामागील इतिहास

कोकणातील जुन्या घरांच्या ओटीला असलेला कापीव लाकडी कठडा किंवा छपराच्या कडेची नक्षीदार झालर पाहिली, तर तिच्यातील फळ्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात, कारण त्या सर्व एकाच फर्म्यावरून आखलेल्या असतात. सुतार पातळ फळीवर किंवा पत्र्यावर आकार कापून घेई, तो प्रत्येक नव्या फळीवर ठेवून रेघ मारी आणि मग करवत, पटाशी व कानस यांनी आकार काढी. फर्म्याचे काम रेघेपाशी संपत असे. पाते रेघेवर ठेवण्याची जबाबदारी हाताची होती आणि तो हात तयार व्हायला वर्षे लागत. आज काही हजार रुपयांत मिळणारा छोटा राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकडाची कड किंवा खाच कापणारे विजेचे यंत्र, घेऊन रत्नागिरीतला किंवा कुडाळातला नवशिका पहिल्याच प्रयत्नात कमानीची स्वच्छ कड काढू शकतो, याचे कारण या जबाबदारीच्या वाटणीत झालेला बदल हे आहे.

राउटर येण्यापूर्वी त्याची कामे निरनिराळ्या रंध्यांत विभागलेली होती. खाच पाडण्याचा रंधा वेगळा, कडेला पायरी काढण्याचा वेगळा आणि गोलाई देण्याचे तर प्रत्येक मापाला एकेक. सरळ कडेवर रंधा उत्तम चालतो, परंतु आत वळणाऱ्या कडेवर त्याचा उपयोग होत नाही. तेथे पटाशी आणि धीर एवढीच साधने उरतात. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला. त्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांचे लाकूडकाम या हातकामाच्या काळातले आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळांची गोष्ट निराळी, कारण ती लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, घडवली जातात आणि सपाट फर्म्याचा तेथे फारसा संबंध येत नाही.

पात्याला फर्म्याने वाट दाखवावी, ही कल्पना प्रथम मोठ्या कारखान्यांत आली आणि तिच्या मुळाशी जहाजे होती. शिडाच्या मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार लाकडी कप्प्या लागत. इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी बनवलेली यंत्रे १८०२ नंतरच्या काही वर्षांत या कप्प्या घडवू लागली. त्यांतील एका यंत्रात कप्पीच्या बाहेरच्या आकाराला वळण देणारे पाते साच्याच्या आधाराने सरकत असे. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्ड यांनी १८१९ मध्ये पेटंट घेतलेल्या लेथने पुढचे पाऊल टाकले. बंदुकीच्या दस्त्याच्या नमुन्यावरून एक चाक फिरे आणि त्याच्या प्रत्येक चढउताराबरोबर पाते शेजारच्या लाकडात तोच आकार कोरत जाई. आजच्या राउटरच्या बिटावर, म्हणजे फिरत्या पात्यावर, असलेले बेअरिंग हे मोकळे फिरणारे छोटे चाक त्या चाकाचेच वंशज मानायला हरकत नाही.

हे सर्व हातात मावेल इतके लहान झाले ते विजेच्या मोटरमुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यातील आर. एल. कार्टर यांनी न्हाव्याच्या विजेच्या केसकापणी यंत्रातील एका भागाला धार लावून तो मोटरच्या दांड्यावर बसवला, असे सांगितले जाते. कार्टर हे ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारे कारागीर होते, ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही. आकाराची अचूक नक्कल हाच त्यांचा रोजचा व्यवसाय होता. त्यांचा हा उद्योग १९२९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील एलू कंपनीने चालू स्थितीत पाते वरून खाली उतरवता येईल असा प्लंज राउटर आणला, तर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्याच क्रुप कंपनीने बाजारात आणलेल्या टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थामुळे प्लायवूडमधील डिंकाच्या थरांपुढेही टिकणारी धार पुढे मिळू शकली.

आपल्याकडच्या नवशिक्याच्या हाती मात्र बहुधा मोठा राउटर येत नाही, ट्रिमर येतो, आणि त्याचा मार्ग सनमायकाचा आहे. सनमायकासारख्या लॅमिनेटची पुढे आलेली कड प्लायबरोबर सपाट करण्यासाठी हे एका हातात धरता येणारे यंत्र वापरात आले. मुंबईच्या फर्निचरच्या कामांवर गेलेल्या कोकणातील सुतारांनी ते तेथेच हाताळले. लॅमिनेटच्या कामात खालचे प्लाय हाच फर्मा असतो. प्लायच्या जागी मुद्दाम कापलेला आकार ठेवला की त्याच यंत्राने चौरंगाची कड, देव्हाऱ्याची कमान किंवा दाराची नावाची पाटी करता येते.

यासाठी दोन पद्धती रूढ झाल्या. पहिलीत बिटावरचे बेअरिंग फर्म्याला टेकून फिरते आणि लाकूड फर्म्याइतकेच कापले जाते. दुसरीत राउटरच्या तळाला गाइड बुश, म्हणजे बिटाभोवतीचे व फर्म्याला टेकून सरकणारे कडे, लावतात. येथे बुश आणि बिट यांच्या व्यासांतील फरकाच्या निम्मे अंतर सुटते, म्हणजे १६ मिमी बुश आणि ६ मिमी बिट असेल तर कड ५ मिमी दूर राहते आणि फर्मा तेवढ्या हिशेबाने लहान किंवा मोठा करावा लागतो. नवशिक्याने पहिलीपासून सुरुवात करावी. बारा बिटांची स्वस्त पेटी घेण्यापेक्षा बेअरिंगचे एक सरळ बिट आणि गोलाईचे एक बिट चांगल्या प्रतीचे घ्यावे. आकार आधी जिगसॉने (वळणे कापणाऱ्या विजेच्या करवतीने) रेघेच्या एकदोन मिलिमीटर बाहेरून कापून घ्यावा, म्हणजे राउटरला थोडेच लाकूड काढावे लागते. बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने आणि आतल्या कडेने घड्याळाच्या दिशेने जावे. उलट गेल्यास मिनिटाला हजारो फेरे घेणारे बिट यंत्राला पुढे ओढते आणि त्यावरचा हाताचा ताबा सुटू शकतो.

फर्म्यासाठी इतरत्र सर्रास एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) सुचवतात, कारण त्याची कड गुळगुळीत निघते. कोकणच्या पावसाळी हवेत हा सल्ला जपूनच घ्यावा. दमट जागी ठेवलेल्या एमडीएफची कड फुगते आणि बेअरिंग तो फुगवटा प्रत्येक नगावर इमानाने उतरवते. पुन्हा पुन्हा वापरायचा फर्मा चांगल्या मरीन प्लायचा किंवा ॲक्रिलिकचा करावा आणि प्लायच्या कडेतील पोकळ्या लुकणाने भरून घासाव्यात. प्रत्यक्ष वस्तूसाठी फणसाचे लाकूड कोकणात सहज मिळते व ते कापायलाही चांगले, परंतु कमानीच्या टोकाशी, जेथे लाकडाच्या रेषा उलट्या वळतात, तेथे कोणत्याही लाकडाचा टवका उडू शकतो. अशा ठिकाणी एका फेरीत मिलिमीटरभरच लाकूड काढावे, किंवा फळी व फर्मा उलटवून, वर-खाली दोन्हीकडे बेअरिंग असलेल्या बिटाने दुसऱ्या बाजूने यावे.